आधी बिजागरी पाहावी

फरशीला घासणारं दार हा सुताराचा नव्हे, नीतिशास्त्राचा प्रश्न आहे, असं मी मधल्या सुट्टीत म्हणालो, तेव्हा आमच्या शाखेतल्या मंडळींनी हातातला चहा खाली ठेवला आणि पाचशेची संशयास्पद नोट उजेडात धरून पाहावी तसं माझ्याकडे पाहिलं. त्यांचंही बरोबर आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान नव्हतं. होती ती फक्त येणी आणि देणी. पण जगातले बहुतेक नैतिक प्रश्न शेवटी येण्या-देण्याचेच असतात, असं माझं नम्र मत आहे.

आता असं पाहा. दार आणि फरशी एकमेकांना घासतात. घासणं ही काही एकट्यादुकट्याने करायची क्रिया नव्हे. तरीसुद्धा आजवर एकाही गृहिणीने, ‘अहो, ती फरशी दाराला घासतेय, तिचं काहीतरी करा,’ असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. तक्रार नेहमी दाराची. का? तर दार हलतं आणि फरशी हलत नाही. जो हलतो तो गुन्हेगार आणि जो ठिय्या देऊन बसतो तो प्रतिष्ठित, असा आपल्याकडचा अलिखित कायदाच आहे. बँकेत बदलीची वेळ आली की ‘याला जाता येईल’ असा जो सापडतो, त्याचीच होते. घरात नवी सून आली की ‘तू जरा सांभाळून घे हं,’ हे तिलाच सांगतात. सासर तर फरशीसारखं आधीपासूनच बसवलेलं असतं. त्याला कोण सांगणार?

फरशी मात्र वाटते तेवढी निष्पाप नसते. हल्ली जुन्या मोझॅकच्या लाद्या न फोडता त्यांच्यावरच नव्या गुळगुळीत टाइल्स बसवतात. फोडाफोडीचा त्रास वाचतो, पण फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते आणि घरातली यच्चयावत दारं एकाच दिवशी घासू लागतात. म्हणजे वर चढली फरशी आणि रंधा दारावर! एखाद्याला बढती मिळाली की खालच्यांनी अंग चोरून बसावं, तसाच हा प्रकार.

दुसरा आरोपी पाऊस. ‘पावसाळ्यात दार फुगलंय, दिवाळीपर्यंत बसेल आपोआप,’ हे वाक्य प्रत्येक घरातला वडीलधारा माणूस म्हणतोच. पण लाकूड फुगतं ते रेषांना आडवं. रेषांच्या लांबीत त्याची वाढ जवळजवळ नाहीच. दाराच्या उभ्या पट्ट्यांत रेषा उभ्या असतात. तेव्हा पाऊस दाराला रुंद करतो, उंच करत नाही. दार बाजूच्या चौकटीत अडकलं तर खुशाल पावसावर नाव घाला. खाली घासत असेल तर बहुधा पाऊस निर्दोष आहे.

मग खरा गुन्हेगार कोण? पुष्कळदा वरची बिजागरी. दार घासतं ते खाली, कडीच्या बाजूच्या कोपऱ्यात. दुखणं असतं कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, पार वर. तिथे स्क्रूचं भोक मोठं होतं, पकड सुटते आणि दार पुढे कलतं. परीक्षा सोपी आहे. दार अर्धवट उघडून, मूठ धरून वर उचलून पाहावं. बिजागरीपाशी हललं, तर रंधा पिशवीत ठेवायला सांगावं.

हिशेबाच्या वह्या हाताने लिहीत तेव्हा ताळा जमला नाही की जाणकार माणसं आधी फरकाला नऊने भागून पाहत. भाग गेला, तर कुठेतरी आकडे उलटे पडले असण्याचा संभव: 63 च्या जागी 36, फरक 27. आळशी माणूस मात्र तेवढी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाई. ताळा जमे, चूक जिवंत राही. बिजागरी न पाहता दार तासणं म्हणजे हेच सस्पेन्स खातं. दोन वर्षांनी दार आणखी कलतं आणि पुन्हा घासतं. पुढे कधीतरी बिजागरी नीट केलीच, तर खाली तिरकी फट उरते आणि तिच्यातून झुरळं ताठ मानेने ये-जा करतात.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. दोन-तीन वर्षं घरातली मंडळी सांगत, ‘आईला हल्ली दार लावलेलं आवडत नाही. वय झालं की माणसं भित्री होतात.’ आजी दुपारी पडत त्याही दार सताड उघडं टाकून. लुगडं बदलायचं तर न्हाणीघरात जात. एकदा सुतार दुसऱ्याच कामाला आला होता. त्याने सहज ते दार उचलून पाहिलं, वरच्या बिजागरीचा स्क्रू काढला, भोकात काडेपेटीच्या तीन काड्या सरस लावून ठोकल्या आणि स्क्रू पुन्हा पिळला. पंधरा मिनिटांचं काम.

त्या रात्री आजींनी दार लावून घेतलं.

घर चकित झालं. आजींना उघडं दार आवडत नव्हतं. ते उचलून ढकलण्याएवढं बळ त्यांच्या मनगटात उरलं नव्हतं, इतकंच. बाकीच्यांना उचलून ढकलायची सवय झाली होती, आणि ज्याला सवय झाली त्याला तक्रार ऐकू येत नाही. ‘मग बोलला का नाहीत?’ असं मुलाने विचारलं, तर म्हणाल्या, “अरे, तुम्ही तासायला काढलं असतंत. ह्यांनी हौसेने केलेलं सागाचं दार आहे ते.”

आपल्यापायी कुणाला तासू नये म्हणून दोन-तीन वर्षं आपला आडोसा सोडणारी अशी माणसं असतात, म्हणून हा प्रश्न सुताराचा नव्हे असं मी म्हणतो.

तेव्हा माझा नियम एवढाच: आधी पेचकस, रंधा सर्वांत शेवटी. पिळलेला स्क्रू उलटा फिरवता येतो. भुसा गोळा करून पुन्हा दारात भरता येत नाही. माणसांच्या बाबतीतही ज्या उपायातून मागे फिरता येतं, तो आधी करून पाहावा.

आणि फरशी खरोखरच वर आली असेल तर? तर दार तासावं लागेल. नव्या टाइल्स कोण फोडणार? पण निदान हिशेब तरी खरा लिहावा. रक्कम नावे टाकायची ती फरशीच्या खाती आणि जमा करायची ती दाराच्या.