ढाळजेतला भाडेकरू

मानवतच्या एका जिनिंगवरून कापसाच्या गाठी कोइमतूरला नेणारे तीन ड्रायव्हर होते. तिघेही बिनलग्नाचे. एकाचं जमलं नव्हतं, एकाचं जमून मोडलं होतं आणि तिसऱ्यानं तो विषय कधी काढलाच नाही. जिनिंगवरचे हमाल त्यांना बघून म्हणायचे, एकटा जीव सदाशिव! पण सदाशिवालाही देऊळ लागतं. तिघांनाही जागा हवी होती.

एकट्या पुरुषाला खोली मिळणं परभणी जिल्ह्यात सोपं नाही. त्यात ड्रायव्हर म्हटलं की घरमालकाचा सूर बदलतो. "फॅमिली असंल तर बघू," म्हणतात. जो माणूस महिन्यातले बरेचसे दिवस घरातच नसतो, त्याचा त्रास व्हायचा तरी कुणाला आणि कधी, हे कुणी विचारात घेत नाही.

पहिल्यानं प्रश्नच मिटवून टाकला. गाडी हेच घर. सीटमागच्या फळीवर गादी, काचेला पडदा, कोपऱ्यात देवाचा फोटो. आंघोळ पंपावर, जेवण धाब्यावर, कपडे पत्र्याच्या पेटीत. मागं शंभर गाठी, म्हणजे सतरा टन माल असला की आपल्याला झोप छान लागते, असं तो सांगायचा. भाड्याचे पैसे वाचायचे ते वेगळेच.

दुसऱ्यानं परभणीत वसमत रोडला खोली घेतली. नवी फरशी, आतच संडास-बाथरूम, स्वतंत्र जिना. एकटा म्हणून डिपॉझिट दुप्पट मोजलं. "एवढं राबतो, मंग चार दिवस तरी माणसावानी ऱ्हावं का न्हाई?" हे त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. खेपेला निघताना तो भलंमोठं कुलूप लावायचा आणि दोनदा ओढून बघायचा.

तिसरा मानवतमध्येच जुन्या गल्लीतल्या एका माळवदाच्या वाड्यात गेला. वाड्यात म्हातारी एकटी. मुलगा पुण्याला. दारालगतची ढाळज, जिथं पूर्वी पाहुणेरावळे टेकायचे, तेवढीच ती भाड्यानं द्यायला तयार होती. संडास अंगणापलीकडे. दोघा मित्रांनी बघून नाकं मुरडली. तिसऱ्यानं मात्र फरशी, नळ, पंखा यातलं काहीच विचारलं नाही.

"मावशी, मी खेपेला गेल्यावर तुमी घरीच असता न्हवं?"

"मी कुठं जाते बाबा? लई तर देवळात."

"मंग घेतली."

गल्लीत चर्चा झालीच. परका माणूस घरात घेतला म्हणून शेजारणीनं टोकलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, "गंगाखेडची जनी दामाशेटीच्या घरात वाढली. तिला कुणी परकी म्हनलं का?" शेजारणीला लगेच उत्तर सुचलं नाही.

दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गाठींचा हंगाम जोरात चालला. तोवर तिन्ही घरं सारखीच दिसत होती. कारण तिघंही रस्त्यावरच होते.

मग पाऊस आला. जिनिंग बंद पडलं, खेपा कमी झाल्या. पहिल्याच्या मालकानं गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक पसंत पडलं तसा मालक म्हणाला, "तुझी पेटी काढून घे रे." इतकंच. यात मालकाचा दोष काय? गाडी त्याची होती. ज्याला तो घर म्हणत होता त्याचा भाडेकरार नव्हता, पावती नव्हती, पत्ताही नव्हता. होता तो फक्त एमएच २२ चा नंबर, आणि तोही मालकाच्या नावावर.

दुसऱ्याचं घर पाण्यानं घालवलं. परभणीत नळाला रोज पाणी येत नाही, हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. निघायच्या सकाळी त्यानं तोटी फिरवून बघितली, नळ कोरडा. तोटी उघडीच राहिली आणि बाहेर कुलूप पडलं. चौथ्या दिवशी पाणी आलं तेव्हा तो कर्नाटकात होता. रात्रभर वाहून पाणी खालच्या घरमालकाच्या छतातून टपकायला लागलं. कुलूप तोडावं लागलं. डिपॉझिट गेलं, गादी कुजली, आणि खोली सोडायचा निरोप फोनवरच मिळाला.

त्याच पावसात ढाळजही गळली. माळवदच ते, गळणारच. म्हातारीनं गादी गुंडाळून आत नेली, पेटी विटांवर ठेवली, खाली घमेलं लावलं आणि फोन केला, "गळतंय रे. तुझं सामान कोरडं हाय. सावकाश ये."

जिनिंगच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर एक म्हातारा वस्ताद बसायचा. नजर कमी झाल्यावर त्यानं स्टिअरिंग सोडलं होतं. तिघांची हकिगत ऐकून तो म्हणाला, "ड्रायव्हरनं घर बघताना आपून तिथं असू ते दिवस मोजू न्हाईत. नसू ते मोजावेत. त्या दिवसांत दार कोन उघडंल, ते बघून जागा घ्यावी."

वस्तादाच्या शब्दाला इथे थोडी पुस्ती जोडतो. रस्त्यावरच्या रात्रीचा विचार सरकारनं केलाच नाही असं नाही. मुक्काम करावा लागतो तिथं मालकानं विश्रांतीची खोली द्यावी, असं १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं; किती मालकांनी दिली ते ड्रायव्हरांना विचारा. आता तेल कंपन्यांच्या काही पंपांवर 'अपना घर' नावाची झोपायची सोय झाली आहे आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. ही सगळी सोय वाटेतल्या माणसासाठी. मागं राहिलेल्या खोलीचं काय, ते ज्याचं त्यालाच बघावं लागतं.

तिसरा परतला तो नारळांचं पोतं घेऊन. उघडीप मिळताच त्यानं दोन दिवस माळवदावर खारी माती चढवली, घट्ट चोपली, आणि भाड्यातून एक रुपया कापला नाही. हे बघून दुसरे दोघं वाड्यावर आले. ढाळजेला दुसऱ्या बाजूलाही तेवढीच जागा होती. दोघं मिळून घेतो म्हणाले, आणि दोन माणसं एका जागेत म्हणून भाडं जरा कमी करायला सांगितलं.

म्हातारीनं सुपातलं धान्य खाली ठेवलं.

"भाडं तेवढंच पडंल. चावी माझ्याकडं ऱ्हाईल. निघताना सांगून जायचं, उशीर व्हनार असंल तर फोन करायचा."

"हाव मावशी."

"आन् पुढल्या साली मृगाच्या आत माती चढली पायजे. ह्या एकट्यानं का म्हनून चढवावी?"

पहिल्यानं दुसऱ्याकडं पाहिलं. दुसऱ्यानं विचारलं, "खारी माती मिळते कुठं?"