पायरीवरच्या बायका

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर पहाटे गेलं की काही बायका पाण्यात उतरलेल्या दिसतात आणि काही पायरीवर बसून, साडी घोट्यापर्यंत धरून, नुसते पाय बुडवताना. पायरीवरच्या बहुतेक माझ्या वयाच्या, पन्नाशीच्या पुढेमागे. गुडघे दुखतात म्हणून तर त्या आलेल्या असतात. पण गुडघ्याला पाणी लागतच नाही. उतरा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "आता या वयात? शोभतं का?" मीही कित्येक वर्षं हेच म्हणत आले.

ओली साडी अंगाला चिकटेल, सुटलेलं पोट, ओघळलेली छाती, जाड दंड चारचौघांत दिसतील, ही त्यामागची भीती. पलीकडे पुरुष पंचा नेसून खुशाल उतरतो. त्याच्या ढेरीची लाज ना त्याला, ना बघणाऱ्यांना.

आपल्या शरीराचा असा कोणता गुन्हा झाला? भारतात बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते. त्या काळात इस्ट्रोजेन घटतं, मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते, त्वचा सैल पडते. हा ना आळस, ना हयगय. तरी लग्नकार्यात भेटलेली पहिली बाई नमस्काराआधी म्हणते, "किती सुटलीस गं!" हे बोलणं आपणच थांबवायला हवं, आणि लेकीसुनांसमोर तर आधी.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. शरीर ही लपवण्याची, घाण मानण्याची वस्तू नव्हे, हे सांगताना त्यांनी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांच्यानंतर इतक्या वर्षांनीही आपण स्वतःची छाती आरशात नीट पाहत नाही.

आणि इथे लाज जिवावर बेतते. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटात प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येऊन हाताने स्तन तपासत. यंत्र नाही, सुई नाही. २०२१ साली निष्कर्ष आले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीमुळे जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. लागलं होतं ते एवढंच की बाईने ब्लाउजची बटणं सोडावीत आणि दुसऱ्या बाईला हात लावू द्यावा. आपल्यातल्या कितीजणी गाठ लागली तरी महिनोन् महिने कुणाला सांगत नाहीत!

मनाची समजूत घाला, एवढं म्हणून भागत नाही. प्रत्येक तीर्थाच्या कुंडावर बायकांना कडी लागणारं दार हवं, कपडे टांगायला खुंटी हवी, कुणाची नजर पडणार नाही असा आडोसा हवा. देवळांच्या विश्वस्तांनी आणि ग्रामपंचायतींनी ही सोय भक्तनिवासाइतकीच निकडीची मानावी.

मागच्या खेपेला मी सुती गाऊन घालून उतरले. पाणी आधी चटका देतं, मग हळूहळू अंग सैल सोडतं. मान वर केली तेव्हा पायरीवरची एक बाई माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने साडी गुडघ्यांच्या वर घेतली आणि ती एक पायरी खाली सरकली.