शब्दाचे राखणदार

पुस्तकात राहिलेली विद्या आणि परक्याच्या हाती गेलेले धन ही दोन्ही ऐन वेळी कामास येत नाहीत, अशा आशयाचे एक सुभाषित आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केलेले असते. ते आज आपणांस ठाऊक आहे ह्याचे कारण मात्र हेच की, कोणीतरी ते पुस्तकात लिहून ठेवले. लेखनाविषयीचा अविश्वास आणि लेखनावाचून न चालणे, ह्या दोन गोष्टी मनुष्याच्या इतिहासात अशा जोडीनेच वावरताना दिसतात. गुरूने विश्वासाने कानी घातलेली गोष्ट कागदावर उतरविणे हे तिचे रक्षण म्हणावे की विश्वासघात, हा प्रश्न वरवर पाहता पंडितांचा वाटेल. पण आपल्या मागून येणाऱ्यांस काही देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाचाच तो प्रश्न आहे.

लेखनाला विरोध करणारे लोक अडाणी होते, ही समजूत प्रथम सोडून दिली पाहिजे. ज्यांनी वेदांचे पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ रचून एकेक स्वर जागच्या जागी बांधून टाकला, त्यांची स्मरणशक्ती कोणत्याही लेखणीहून कमी विश्वासार्ह नव्हती. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसाच्या तोंडी प्लेटोने जो आक्षेप घातला आहे, तोही असाच विचार करण्याजोगा आहे. लिहिलेल्या शब्दाला काही विचारले तर तो पुन्हा तेच उत्तर देतो. आणि कोणापाशी बोलावे व कोणापाशी गप्प राहावे हे त्याला कळत नाही. ह्यातील दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बोलणारा गुरू समोरचा शिष्य पाहून बोलतो. त्याची तयारी, त्याचा उतावळेपणा, त्याचा गैरसमज त्याला दिसत असतो आणि तो लगेच दुरुस्त करता येतो. गुरू शिष्याची निवड करतो. ग्रंथाच्या बाबतीत मात्र निवड वाचकाच्या हाती जाते. म्हणजे अधिकार देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो, आणि खरे भय ह्याच गोष्टीचे असते.

हे भय ज्यू लोकांइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी बोलून दाखविले असेल. त्यांच्या मते धर्मशास्त्र दोन प्रकारचे : एक लिखित, दुसरे मौखिक. लिखित ते केवळ पाठ म्हणू नये आणि मौखिक ते लेखावरून सांगू नये, असा त्यांच्या आचार्यांचा दंडक होता. इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी येहूदा हनासी ह्यांनी मौखिक शास्त्राची ‘मिश्ना’ ह्या नावाने व्यवस्थित रचना केली. तरीही बाबिलोनच्या विद्यापीठांतून ती मुखाने म्हणून दाखविणारे पाठक पुढे कित्येक शतके होतेच. ज्याला पाठ आहे पण अर्थ उमगलेला नाही अशा पाठकाला ते थट्टेने पुस्तकांनी भरलेली टोपली म्हणत. पाठांतराचा अभिमान बाळगणारे लोकही पाठांतराच्या मर्यादा जाणत होते, हे ह्यावरून दिसते.

मग दंडक मोडला कोणी? त्यांच्याच आचार्यांनी. देश गेला, मंदिर गेले, लोक दूरदूरच्या मुलखांत पांगले. तेव्हा सर्व शास्त्र विसरले जाण्यापेक्षा त्यातील एक नियम मोडलेला बरा, असा निर्णय त्यांनी घेतला. तो सुखासुखी घेतलेला नव्हता. इ. स. ९८७ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कैरवान येथील ज्यूंनी बाबिलोनच्या शेरीरा गाओन ह्या आचार्यास मिश्ना कशी लिहिली गेली असे विचारले. त्याने उत्तरादाखल लांबलचक पत्र धाडले. आज त्या पत्राचे दोन पाठ उपलब्ध आहेत. एकाप्रमाणे येहूदांनी मिश्ना लिहून काढली. दुसऱ्याप्रमाणे ती केवळ मुखानेच रचली! लेखन कसे झाले हे सांगणारा लेखच दोन तोंडांनी बोलतो. लिहिले म्हणजे प्रश्न मिटला असे समजणाऱ्यांनी ह्या पत्राचे स्मरण ठेवावे.

पुढील दोन शतकांत लेखनाचे पारडे निश्चितपणे जड झाले, आणि त्यातून दोन वृत्ती प्रकट झाल्या. फ्रान्समध्ये राशी (१०४०–११०५) ह्या पंडिताने तालमूद ग्रंथावर टीका लिहिली. विद्यार्थी कोठे अडखळेल हे ओळखून तेथे हळूच दोन शब्द सांगणारी ही टीका म्हणजे शेजारी बसलेला गुरूच होय. छापील तालमुदात ती आजही मूळ मजकुराच्या बाजूस बसलेली आढळते. ईजिप्तमध्ये मोशे बेन मैमोन ह्यांनी ११८० च्या सुमारास सर्व धर्मनियमांचा एक सुबोध संग्रह पूर्ण केला, आणि लिखित शास्त्रानंतर हा एकच ग्रंथ वाचला की पुरे, अशी त्यामागील भूमिका सांगितली. पण कोणता नियम कोणत्या आचार्याचा, ह्याचा उल्लेख त्यात नव्हता. आणि त्यावर समकालीन पंडितांनी कडक आक्षेप घेतला. त्या आक्षेपात मला तथ्य दिसते. निष्कर्ष तेवढे उतरले आणि वाद गळून पडला, तर वाचक आज्ञाधारक होईल. विचारी होईलच असे नाही.

आता ह्याच प्रश्नाचे आपल्या घरातील रूप पाहू. ज्या शतकाच्या आरंभी, १२०४ मध्ये, मोशे बेन मैमोन निवर्तले, त्याच शतकाच्या अखेरीस प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शक १२१२, म्हणजे इ. स. १२९०. सांगणाऱ्याचा जन्मशक ११९७ धरला तर त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे. ज्या खांबाला टेकून त्यांनी ही कथा सांगितली असे म्हणतात, तो ‘पैस’ आजही नेवाशात आहे. त्याच्या अंगावर देवस्थानाच्या दानासंबंधीचा संस्कृत लेख कोरलेला आहे. लेखन त्या गावाला नवे नव्हते हे उघडच आहे. दानाची नोंद दगडावर होत होती. पण गीतेचा अर्थ बायाबापड्यांच्या बोलीत लिहून ठेवावा, हे मात्र नवे होते.

प्रचलित प्रतींच्या शेवटी, सच्चिदानंदबाबांनी मोठ्या आदराने लेखकाचे काम केले, अशी नोंद आहे. येथे ‘लेखक’ ह्याचा अर्थ लिहून घेणारा. आज आपण ज्याला लेखक म्हणतो तो तेथे वक्ता आहे. ह्या सच्चिदानंदबाबांविषयी नेवाशात अशी कथा सांगतात की, त्यांचे प्रेत स्मशानात नेले असता ज्ञानेश्वरांनी त्यांना उठविले. ह्या कथेची ऐतिहासिक छाननी करण्याचे येथे कारण नाही. ज्याला बोललेल्या शब्दाने जीव दिला त्यानेच तो शब्द मरू दिला नाही, हे ऋण फेडण्याचे नाते लोकमनाने ओळखले, एवढे त्यावरून घ्यावे.

शिवाय हा ग्रंथ लिहिला गेला तरी त्यातील सभा उठलेली नाही. वक्ता श्रोत्यांची आर्जवे करतो, आपल्या सलगीबद्दल क्षमा मागतो, विषय सोडून दूर गेल्याची जाणीव होताच मागे वळतो. श्रोतेही त्याला मूळ मुद्द्यावर आणतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी तर त्याचे सारे मागणे एकच, लक्ष द्या. सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या त्या केवळ पांडित्यामुळे नव्हेत. समोर माणसे बसली होती म्हणून. राशीने टीकेत गुरूला जागा करून दिली. नेवाशाच्या ग्रंथाने श्रोत्याला दिली. सातशे वर्षांनी पोथी उघडणारा मनुष्यही त्या सभेत मागच्या ओळीत जाऊन बसू शकतो.

पण लेखनाने संकट टळले काय? नाही. तीनशे वर्षांच्या आत प्रती करणाऱ्यांनी इतके पाठभेद घुसविले की, शक १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली. ह्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी पुढच्यांस देऊन ठेवली. एकनाथ स्वतः ओवी रचण्यात कोणाला हार जाणारे नव्हते. तरी ह्या कामात त्यांनी लेखणी आवरून धरली. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि पाठांचा वाद पुन्हा सुरू झाला. शब्द पोथीत ठेवला म्हणजे राखणदारी संपली असे होत नाही. राखणदार तेवढे बदलतात. पूर्वी पाठक जबाबदार होता. आता नकलनवीस, संशोधक, छापणारा आणि वाचणारा असे चौघे झाले.

राखणदारीचा अतिरेक कसा होतो हे महानुभावांच्या इतिहासात दिसते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडे जाऊन विचारले आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. इतका प्रामाणिक लेखक त्या काळी विरळा. पुढे परचक्रात मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्या मुखातून ती पुन्हा उभी करावी लागली, असे पंथाची परंपरा सांगते. म्हणजे लेखन बुडाले आणि स्मरणाने ते वर काढले. परंतु नंतर पंथीयांनी आपले ग्रंथ ‘सकळा’सारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. भोवतीचा काळ पाहता त्यांना दोष देणे सोपे नाही. तथापि परिणाम असा झाला की, मराठीचे हे आद्य गद्य विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या मराठी वाचकांस जवळजवळ अज्ञात राहिले. आणि न वाचताच त्या पंथाविषयी नाना प्रवाद पसरले. कुलुपाने चोर अडले की नाही कोण जाणे. पण पाहुणे मात्र बाहेर राहिले.

आणि ज्याचा आरंभी उल्लेख केला तो ज्यू समाजही आपल्याला परका नाही. कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावर तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्याजवळ धर्मग्रंथ उरले नव्हते; उरली होती शब्बाथाची विश्रांती, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. तेवढ्या आठवणीवर त्यांची ओळख पटली. पुढे ग्रंथ आले. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. आणि त्याच सुमारास ह्या समाजाने आपल्या शास्त्रातील कथांची मराठीतून कीर्तने सुरू केली! ग्रंथ हाती येताच त्यांनी तो पुन्हा मुखात घेतला, तोही नारदाच्या गादीच्या रीतीने. मुखातून ग्रंथात आणि ग्रंथातून मुखात, हा शब्दाचा प्रवास एकेरी नाही, ह्याचा ह्याहून चांगला दाखला शोधूनही मिळणार नाही.

ह्या सगळ्यावरून मला वाटते ते असे. लिहून ठेवणे हा विश्वासघात नव्हे. उलट तो अधिक मोठा विश्वास आहे. पाठ देणारा गुरू ओळखीच्या शिष्यावर विसंबतो. लिहून ठेवणारा, ज्याचे तोंड तो कधी पाहणार नाही अशा मनुष्यावर विसंबतो. पण विश्वास टाकला गेला की ऋणही उत्पन्न होते, आणि ते फेडावयाचे वाचकाने. मी वर्गात बोलत असता पुष्कळ विद्यार्थी मान वर न करता उतरून घेतात. अलीकडे तर व्याख्यान जसेच्या तसे मुद्रित करण्याची सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. ‘टिपून घेतले’ ह्या समाधानात ‘समजून घेतले पाहिजे’ हे कर्तव्य पुष्कळदा निजून जाते. ती जुनी पुस्तकांची टोपली आता मनुष्याच्या डोक्यात नसून हातात आहे, इतकाच फरक.

तेव्हा घरातल्या फळीवर ज्ञानेश्वरी आहे एवढ्याने आपण तिचे वारस ठरत नाही. ती कोणी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मध्येच थांबवून ‘म्हणजे काय?’ असे विचारावे, आणि वाचणाऱ्याला उत्तर आले नाही तर दोघांनी मिळून शोधावे. सच्चिदानंदबाबांनी जे लिहून घेतले, ते असे बोलणे चालू राहावे म्हणूनच.