तुळाधाराचा तराजू

महाप्रसादाच्या रांगेत गेली काही वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातो. "डॉक्टर, तुमचा ट्रक पूर्ण कधी होणार?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू असतं. डॉक्टर माणसानं सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळावा, फार तर देवळाच्या कमिटीवर जावं. गंजक्या लष्करी ट्रकखाली पाठीवर पडून राहावं हे आपल्या मंडळींच्या हिशोबात बसत नाही. आमच्या सौं.चं मतही यापेक्षा वेगळं नाही. तेव्हा स्मरणिकेसाठी लेख हवा असा फोन आला, त्याच वेळी ठरवलं की यंदा या प्रश्नाचं उत्तर लिहूनच द्यावं. उत्तर जरा लांबचं आहे.

माझा ट्रक म्हणजे १९४३ सालचा जीएमसी सीसीकेडब्ल्यू. अडीच टनी, तिन्ही एक्सलना इंजिनाची ताकद मिळणारा. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनले, आणि त्यांतला मोठा भाग माझ्या घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या पाँटियॅकमध्ये. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या दिवसांत फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्सप्रेस' नावाने रात्रंदिवस जी मालवाहतूक झाली, ती मुख्यतः याच ट्रकांवर. त्यांचे जवळजवळ तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय सैनिक होते, ज्यांना त्यांच्याच देशात कित्येक ठिकाणी गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नव्हतं. युद्धानंतर हे ट्रक शेतकऱ्यांनी, लाकूडवाल्यांनी, खेड्यांतल्या अग्निशमन दलांनी घेतले आणि मरेपर्यंत वापरले. माझा मला एका शेताच्या कडेला मिळाला. त्याच्या टपातून झाड उगवलं होतं.

ट्रक मिळणं सोपं, सुटे भाग मिळणं कठीण. याच्या एक्सलचेच दोन प्रकार आहेत, एकाला 'स्प्लिट' म्हणतात, दुसऱ्याला 'बँजो'. एकाचे भाग दुसऱ्याला चालत नाहीत. माझा स्प्लिट, आणि मला पहिल्या वर्षी बरेच भाग मिळाले ते बँजोचे! लष्कराच्या टीएम ९-८०१ या पुस्तकात दुरुस्ती सापडते, भागाचा नंबर सुट्या भागांच्या यादीत सापडतो, पण भाग स्वतः कुठल्या कोठारात, कुणाच्या गोठ्यात किंवा हर्शीच्या ऑक्टोबरमधल्या जत्रेत कुठल्या टेबलाखाली पडलाय ते माणसंच सांगतात. फ्रान्स आणि नॉर्वेच्या सैन्यांनी हे ट्रक युद्धानंतर कितीतरी वर्षं वापरले, त्यामुळे तिकडूनही काही येतं. नवाकोरा, न वापरलेला भाग मिळाला तर तो जाड मेणकागदात असतो. आत कॉस्मोलिनचं तपकिरी ग्रीस. ते केरोसिननं पुसत गेलं की ऐंशी वर्षांपूर्वीचं पोलाद काल कारखान्यातून आल्यासारखं चमकतं. तो आनंद मी कुणाला समजावू शकलेलो नाही.

या विद्येतले माझे गुरू म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, मोटारीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेले. मी त्यांना मनातल्या मनात उस्ताद म्हणतो. स्प्लिट आणि बँजो लांबून कसे ओळखायचे, ग्रीसवरून खरा जुना भाग आणि नंतर केलेली नक्कल कशी ताडायची, हे सगळं त्यांनी शिकवलं, एक पैसा न घेता. थंडीत माझ्या गॅरेजमध्ये माझ्याबरोबर ते कुडकुडले आहेत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्याकडूनच कळलं की त्यांचे एक जुने मित्र वारले आणि त्यांच्या कोठीत अजून काही सामान आहे. हे मित्र कोरियाच्या युद्धात याच जातीचा ट्रक चालवायचे. मी इंडियानात त्या गावी गेलो. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई, हातात काठी, घरात सगळीकडे खोकी. मुलाकडे राहायला जाणार होत्या. कोठीत फळ्यांवर मला जे हवं होतं ते सगळं होतं. समोरच्या एक्सलचे दोन्ही स्टिअरिंग नकल, मेणकागदात. शाफ्ट. एक झेनिथ कार्बोरेटर, डब्यासकट. माझं हृदय किती जोरात धडधडत होतं ते मोजण्याची गरज नव्हती, कानात ऐकू येत होतं.

बाई म्हणाल्या, "सोमवारी भंगारवाला येणार आहे. तुम्हीच न्या सगळं. तीनशे डॉलर द्या." आणि मग, "बरोबर आहे ना?"

माझ्या अंदाजानं त्या सामानाची किंमत चार हजारांच्या खाली नव्हती. मी म्हणालो, "वस्तू तुमची, किंमत तुम्ही ठरवायची." तीनशे दिले, सामान भरलं, निघालो.

मंडळी, मी खोटं बोललो का? घरी येईपर्यंत चार तास मी हाच विचार करत होतो, आणि पहिले दोन तास तरी उत्तर 'नाही' असंच होतं. मी पुण्याला बी. जे. मेडिकलला असताना एका रविवारी जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे मला मायक्रोस्कोपचं ऑइल इमर्शन लेन्स दिसलं होतं. त्याच्या दृष्टीनं ते पितळेचं नळकांडं. त्यानं ते तराजूत टाकलं, पितळेच्या भावानं पैसे सांगितले, मी दिले. होस्टेलवर महिनाभर मी ही गोष्ट सांगत होतो आणि सगळे माझी पाठ थोपटत होते. बाजारात ज्याला कळतं तो जिंकतो, आणि कळण्यासाठी त्यानं मेहनत केलेली असते, असंच आम्ही समजत होतो. त्यात तथ्य नाही असं आजही म्हणवत नाही. स्प्लिट आणि बँजोतला फरक शिकायला माझी वर्षं गेली आहेत.

हा वाद जुना आहे. सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यावरच्या ग्रंथात एक व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ, हा अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन आलेला, आणि त्याला एकट्याला माहीत आहे की मागून आणखी जहाजं येताहेत. त्यानं ते सांगावं की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, फसवू नको म्हणजे झालं. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. सिसेरो शिष्याच्या बाजूनं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८१७ मध्ये असाच खटला आला. न्यू ऑर्लिन्सच्या एका व्यापाऱ्याला १८१५ मध्ये तह झाल्याची बातमी इतरांच्या आधी कळली आणि त्यानं घाईघाईनं तंबाखू विकत घेतली. बातमी पसरताच भाव कडाडला. सरन्यायाधीश मार्शल यांनी सांगितलं की असली बातमी विकणाऱ्याला सांगण्याचं बंधन घेणाऱ्यावर नाही. मात्र दोघांपैकी कुणीही दुसऱ्याची दिशाभूल होईल असं काही बोलता वा करता कामा नये. म्हणजे गप्प बसलात तर कायदा तुमच्या बाजूचा.

पण बाईंनी विचारलं होतं, "बरोबर आहे ना?" आणि मी गप्प बसलो नव्हतो. मी एक वाक्य बोललो होतो, अगदी नम्र आणि उदार वाटणारं, आणि त्याचा एकमेव उपयोग असा होता की त्यांना उत्तर मिळू नये. माझ्या व्यवसायात अशा वाक्याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. पेशंट विचारतो, "डॉक्टर, हे ऑपरेशन करायलाच हवं का?" आणि डॉक्टर म्हणतो, "निर्णय तुमचा आहे." शब्दाला शब्द खरं. समोरच्याचं अज्ञान वापरायचं नाही या एका वचनावर मी पोट भरतो. मग शनिवारी कोट काढला की ते वचनही खुंटीवर टांगायचं?

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी जटांमध्ये घरटं केलं, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, आणि त्याला स्वतःच्या धर्माचा गर्व झाला. तेव्हा आकाशवाणी झाली की काशीचा तुळाधार तुझ्याहून मोठा. तुळाधार म्हणजे दुकानदार! जाजलीनं जाऊन पाहिलं तर हा माल विकत बसलेला. तो सांगतो, मी कपट न करता घेतो आणि कपट न करता विकतो, माझा तराजू सगळ्यांना सारखा आहे. लहानपणी मला वाटायचं की ही मापात पाप न करण्याची गोष्ट आहे. जुन्या बाजारातल्या त्या माणसाचं मापही चोख होतं. पारड्याच्या एका बाजूला काय ठेवलंय हे दोघांपैकी एकालाच ठाऊक असेल तर काटा कितीही सरळ उभा राहिला तरी तो सारखा कसा म्हणायचा?

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. अडीच हजारांचा चेक टेबलावर ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. मला वाटलं होतं बाई खूश होतील, निदान रागावतील. त्या बराच वेळ चेककडे पाहत राहिल्या. मग विचारलं, "आणि इंजिनाचं किती?"

मी ते इंजिन पाहिलं होतं. २७० घन इंचाचं, सहा सिलिंडरचं, लाकडी खोक्यात, कधीही न चालवलेलं. उस्तादांच्या शेडमध्ये. "मित्राकडून मिळालं," एवढंच ते म्हणाले होते.

"त्यानं पन्नास डॉलर दिले," बाई म्हणाल्या. "अंत्यविधी झाला त्याच महिन्यात. म्हणाला, तेवढंच उचलायच्या कष्टाचं."

यावेळी प्रश्न सरळ होता आणि मी सरळ उत्तर दिलं. आकडा सांगितला.

"त्यानं यांच्या शवपेटीला खांदा दिला होता," त्या म्हणाल्या, आणि चेक घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवला.

परतीच्या रस्त्यावर मी पुन्हा चार तास गाडी चालवली. माझं मन हलकं झालं होतं, हे खरं. आणि ते हलकं करण्याचा खर्च अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एका बाईनं भरला होता, नवऱ्याचा साठ वर्षांचा मित्र गमावून, हेही खरं. आम्ही डॉक्टर याला सरावलेले असतो. योग्य निदान सांगितलं की पेशंटला हेही कळतं की आधीच्या डॉक्टरनं वर्षभर काय केलं. तरीही सांगावं लागतं, असं मी विद्यार्थ्यांना शिकवतो. तिथे रोग बरा होण्याची आशा असते. इथे काय बरं व्हायचं होतं? आणि उस्तादांना तरी मी दोष कुठल्या तोंडानं देऊ? त्यांनी पन्नास दिले, मी तीनशे. तीन आठवडे आधी आम्ही दोघं एकाच दुकानातले होतो.

चेक चार महिन्यांनी वटला.

२०२३ च्या वसंतात उस्तादांचा फोन आला. त्यांना कुठूनसं कळलं असावं, पण तो विषय त्यांनी काढला नाही. हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "ते इंजिन तुला हवं असेल तर घेऊन जा. मला पडलं त्याच किमतीत." पन्नास डॉलर. मी विचार करून सांगतो म्हटलं.

तर मंडळी, ट्रक पूर्ण का होत नाही त्याचं कारण हे. नकल बसले, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. इंजिन मात्र जुनंच आहे, पाचव्या सिलिंडरजवळ ब्लॉकला तडा आहे आणि तो पिना ठोकून शिवलेला आहे. सपाट रस्त्यावर चालतं, चढ आला की पाणी गळतं. उस्ताद अजूनही काही शनिवारी येतात, खाली वाकून त्या तड्यावर बोट फिरवतात, आणि आम्ही दोघं कार्बोरेटरबद्दल बोलतो.