जे कोणाचंच नाही, ते घ्यावं का?



योगशास्त्रातल्या पाच यमांपैकी अस्तेयाबद्दल आपण फारसं बोलत नाही. अहिंसा, सत्य यांवर चर्चा रंगते. अस्तेय म्हणजे चोरी न करणे, आणि आपण काही चोर नव्हे, म्हणून तो विषय पाच मिनिटांत संपतो. गेल्या रविवारी आठ वर्षांच्या नातीने मात्र आम्हाला त्यात चांगलंच अडकवलं.

मुलगी-जावई बेळगावहून आले होते, म्हणून फोंड्याहून आम्ही सगळे सकाळीच मिरामारला गेलो. पोहे, चहाचा थर्मास, चटई, सुरूच्या झाडांखाली बैठक. समोर मांडवी समुद्राला मिळते आणि पलीकडे आग्वादचा किल्ला दिसतो. ओहोटी असल्याने ओली वाळू लांबपर्यंत उघडी पडली होती. नातीने शिंपले गोळा करायला घेतले आणि विचारलं, "आजी, हे कोणाचे गं?" "कोणाचेच नाहीत बाळा." "मग मी पिशवीभर नेऊ?"

"कोणाचेच नाहीत" आणि "सगळ्यांचे आहेत" ही दोन उत्तरं ऐकायला सारखीच वाटतात. पण पहिल्यात विचारायला कोणी उरत नाही, आणि दुसऱ्यात इतके असतात की कोणाकोणाला विचारणार? जैन आणि बौद्ध परंपरेत हे व्रत जास्त नेमकं सांगितलंय: जे दिलेलं नाही ते घेऊ नये. म्हणजे वस्तूला मालक आहे की नाही हा प्रश्नच नाही, ती मला कोणी दिली का हा प्रश्न. समुद्राने दिली म्हणावं, तर ती एकट्या आपल्यालाच दिली का?

तेवढ्यात तिच्या तळहातावरचा एक शंख चालायला लागला! आत इवलासा खेकडा. या खेकड्यांचं पोट मऊ असतं, त्यावर स्वतःचं कवच नसतं. मेलेल्या समुद्री गोगलगाईच्या रिकाम्या शंखात ते राहतात आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतात. कधी कधी तर लहान-मोठ्या क्रमाने रांग लावून थांबतात. सर्वांत मोठा नव्या शंखात गेला की त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा. आपण ज्याला रिकामा शंख म्हणतो, ते कोणाचं तरी पुढचं घर असू शकतं.

आमच्या ह्यांना हे पटलं नाही. पोरीच्या मूठभर शिंपल्यांनी समुद्राचं काय बिघडतं? प्रत्येक गोष्टीत पाप शोधलं तर मुलं समुद्रावर यायचीच बंद होतील. त्यात तथ्य आहे. पण रविवारी मिरामारला आपण एकटे नसतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या आठवा, काचेऐवजी पातळ दुधी शिंपले बसवलेल्या. हे शिंपले जुवारीकाठी चिखलीच्या खाडीत मिळतात. तेही कोणाचेच नव्हते. आज त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण द्यावं लागलं आहे.

गोव्याच्या गांवकरीत, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं, जमीन एकट्यादुकट्याची नव्हती, पण म्हणून ती बेवारसही नव्हती. खाजन शेतीचे बांध, पाणी अडवणारं मानस, देवळाचा खर्च, हे सगळं आधी. उरलं तर वाटा. (वाटा गांवकरांच्या घरातल्या पुरुषांनाच, बायकांना नाही, हेही सांगून ठेवतो!) सामाईक म्हणजे आधी सांभाळायचं, हे त्यांना माहीत होतं.

शेवटी नातीने स्वतःच ठरवलं. पाचच न्यायचे आणि तेही फुटके, ज्यांत कोणाला राहता येणार नाही. खेकडा पाण्याच्या कडेला सोडला. असले फुटके घरी नेऊन करायचं काय, म्हणून तिची आई वैतागली, ते वेगळं.

खरा पेच घरी आल्यावर उभा राहिला. पहाटे फिरायला जाणारी काही मंडळी दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद, तगर पिशवीत घालतात. देवासाठीच तर आहे, शिवाय फांदी रस्त्यावर आलेली. इथे तर मालकही आहे, आत झोपलेला. ते फूल देवाला वाहताना आपलं असतं का? आपलं नसेल तर वाहिलं कोणी, आपण की त्या झोपलेल्या शेजाऱ्याने? ह्यांचं म्हणणं, पुण्य त्याच्याच खात्यात जातंय, मग त्याचं नुकसान काय! आम्हाला वाटतं, पुण्यसुद्धा त्याला विचारूनच द्यावं.

आमच्या घरात यावर अजून एकमत नाही. ज्यांच्या दारात जास्वंद आहे आणि सकाळी उठल्यावर झाड रिकामं दिसतं, त्यांनी ग्रूपवर जरूर लिहावं.