मागच्या वर्षीसारखंच

दोन वर्षांपूर्वी मी एक बटण बनवलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या टीमकडे अमेरिकेतल्या एका क्लायंटचं छोटं काम आलं होतं. बंद पडलेल्या युरेनियम मिल, त्यांचे बुजवलेले टेलिंग्ज पॉंड आणि तिथे पाहणीला जाणाऱ्या माणसांसाठी टॅब्लेटवर चालणारा फॉर्म. तोवर मी फूड डिलिव्हरीचे स्क्रीन बनवत होते. त्यामुळे टेलिंग्ज म्हणजे काय, हे आधी शोधावं लागलं.

युरेनियमच्या एक टन दगडातून साधारण एक-दोन किलो माल हाती येतो. बाकीचा दगड दळून, बहुतेकदा ॲसिडने धुऊन, चिखल होऊन तळ्यात जातो. मूळ दगडातली सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता त्या चिखलातच राहते. त्यातल्या रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं, थोरियमचं सुमारे ७५ हजार. मिल मात्र काही दशकं चालते आणि बंद पडते.

मग चिखल सुकवतात, त्यावर मातीचा जाड थर देतात आणि वर दगड रचतात. रेडॉन वायू बाहेर येऊ नये, पावसा-वाऱ्याने माती वाहून जाऊ नये म्हणून. अमेरिकेत यासाठी १९७८ साली कायदा झाला. त्याखालच्या नियमांत म्हटलंय की हा बंदोबस्त शक्य असेल तिथवर १००० वर्षं टिकावा, आणि काही झालं तरी निदान २०० वर्षं. हे वाचून मी हसले होते. माझा सगळ्यात जुना कोड चार वर्षांचा आहे आणि त्याला हात लावायला आत्ताच सगळे घाबरतात.

अशा जागांवर दर वर्षी माणसं चालत जाऊन पाहतात. कुठे खचलंय का, दगड झिजलेत का, झुडपांनी मुळं धरलीत का, एखाद्या जनावराने बीळ केलंय का, कुंपण आणि धोक्याच्या पाट्या जागेवर आहेत का. बहुतेक वर्षी बहुतेक प्रश्नांचं उत्तर एकच असतं, ‘बदल नाही’. म्हणून क्लायंटने मागणी केली की ‘मागच्या वर्षीसारखंच’ असं एक बटण द्या. दाबलं की जुनी उत्तरं भरली जातील, जे वेगळं असेल तेवढंच बदलायचं.

अर्ध्या दिवसात झालं. टेस्टिंग करताना मी अख्खा फॉर्म काही सेकंदांत भरला, एकही प्रश्न न वाचता. तिथेच अडखळले.

मॅनेजरला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “अगं, ज्याला पाहायचंच नाही तो हातानेही ‘बदल नाही’च लिहील. आपण फक्त टायपिंग वाचवतोय.” मला चटकन उत्तर सुचलं नाही, कारण त्याचं चूक नव्हतं.

एरवी आमच्या चुका पकडायला कुणीतरी असतं. ऑर्डर चुकली की गिऱ्हाईक ओरडतं, तिकीट येतं, रात्री फोन वाजतो. आमचा निम्मा प्रामाणिकपणा त्या ओरडण्यावर उभा आहे. इथे चुकीचं ‘बदल नाही’ ज्याला भोवेल तो कदाचित अजून जन्मालाच आलेला नाही. तो तक्रार करू शकत नाही. मग त्याचं आपण काही लागतो का?

पण नेहमी इतका वेळही मिळत नाही. न्यू मेक्सिकोत चर्च रॉक इथे १६ जुलै १९७९ ला एका युरेनियम मिलच्या टेलिंग्ज पॉंडचा बांध फुटला. सुमारे ३५ कोटी लिटर ॲसिडयुक्त किरणोत्सारी पाणी आणि हजारभर टन गाळ प्वेर्को नदीत गेला. त्या नदीवर नॅव्हाहो लोकांची मेंढरं पाणी पीत होती. बांधाला भेगा होत्या, आणि त्या आधीच दिसलेल्या होत्या.

म्हणजे मॅनेजरचंच बरोबर, फॉर्मने काही वाचत नाही? मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, एकदा नोंदलेली भेग हळूहळू ओळखीची होते. पुढच्या वर्षी ‘आहे तशीच’, त्याच्या पुढच्या वर्षीही. नोंद झाली म्हणजे काम झालं, असं वाटायला लागतं. माझं बटण माणसाला खोटं बोलायला लावत नाही. ते त्याला हे ‘वाटणं’ एका टॅपमध्ये देतं.

हजार वर्षांची हमी आज जिवंत असलेला कुणीच तपासू शकत नाही. तपासता येतं ते फक्त या वर्षीचं. पुढच्या माणसाला आपण खरोखर देऊ शकतो ती एवढीच गोष्ट, की आमच्या वाटणीच्या वर्षी आम्ही जाऊन पाहिलं. ते पाहणंही आदल्या वर्षाकडून उसनं घेतलं, तर त्याच्यासाठी काय उरलं?

शेवटी मी क्लायंटला लिहिलं. भेगा, खचणं आणि बिळं हे तीन प्रश्न कोरे ठेवू द्या, शेजारी मागच्या वर्षीचा फोटो दाखवू. ते त्यांनी मान्य केलं. बाकीच्या प्रश्नांना नाही म्हणाले, फॉर्म लांबतो म्हणून. मीही फार ताणलं नाही, रिलीजची तारीख जवळ आली होती.

कुंपण शाबूत आहे का, या प्रश्नाचं उत्तर अजूनही बटण देतं. ते बटण माझं आहे.