पुढे धाडलेले असत्य

असत्य न बोलण्याचे शील आपण रोज म्हणता. परंतु दुसऱ्याने रचलेले असत्य मोबाईलवरून पुढे धाडले, तर ते शील मोडत नाही काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. रचणारा एखादाच असेल. तिला बळ दिले ते पुढे धाडणाऱ्यांनी.

राजकीय वादातही हेच घडते. विरोधकाचे असत्य लगेच दिसते, आपल्या बाजूचे गोड लागते. बाबासाहेबांनी न लिहिलेली वाक्येही त्यांच्या नावावर फिरतात. ऐकीव म्हणून मानू नका, आपला गुरू सांगतो एवढ्यासाठीही मानू नका, स्वतः पारखा, असा तथागतांचा कालामांना उपदेश होता.

म्हणून संदेश जितका आवडेल, तितका अधिक तपासा. कोणी, कधी, कोठे म्हटले हे कळत नसेल, तर बोट आवरा. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याचे एक असत्य उघडे पडले, की त्याचे खरे गाऱ्हाणेही खोटे ठरविले जाते.